तीन साम्राज्यांच्या बंदुका आणि एक सैन्य

(मंडळाच्या वाचनालयातर्फे झालेल्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



मी बँकेत कारकून आहे. मी सैन्यात कधी नव्हतो, बंदूक हातात धरण्याचाही प्रसंग आला नाही. तेव्हा 'नव्या राष्ट्राचे सैन्य आणि त्याची शस्त्रे' हा विषय मी का घेतला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याला दोन कारणे आहेत, ती आधी सांगतो.

पहिले कारण माझे वडील. ते देहूरोडच्या डेपोत मजूर म्हणून लागले आणि स्टोअरमन म्हणून निवृत्त झाले. शिक्षण सातवीपर्यंत. पण पेटीवर छापलेले आकडे आणि खुणा वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही पेटी जागची हलवली नाही. आम्ही लहान असताना ते म्हणायचे, "बाळांनो, चुकीचं काडतूस गेलं तर बंदूक म्हणजे नुसती काठी." त्या वेळी मला ते वाक्य समजले नव्हते.

दुसरे कारण माझी नोकरी. काही वर्षांपूर्वी आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पाटी एका रात्रीत बदलली. पण खातेक्रमांक दोन तऱ्हेचे, चेकबुके दोन तऱ्हेची, फॉर्म दोन तऱ्हेचे, संगणकाची पद्धत दोन तऱ्हेची. एकच काम दोन्हीकडचे कारकून वेगवेगळ्या रीतीने करायचे आणि प्रत्येकाला आपलीच रीत बरोबर वाटायची. पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना "उद्या या" असे मी स्वतः किती वेळा सांगितले, त्याची मला आजही लाज वाटते. त्या दिवसांत मी पोलंडच्या सैन्याचा इतिहास वाचत होतो. आपल्या शाखेचे हे हाल, तर ज्या देशाने तीन साम्राज्यांचे तुकडे जोडून एक सैन्य उभे केले त्याचे काय झाले असेल, असा विचार मनात आला आणि मी या विषयात गुंतलो.

आता पोलंडची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पोलंड हे एकेकाळी युरोपातले मोठे राज्य होते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी ते आपसांत वाटून घेतले. तिसऱ्या वाटणीनंतर पोलंड हा देश नकाशावर उरलाच नाही. तो १२३ वर्षे नव्हता. पोलिश माणसे होती, त्यांची भाषा होती, पण कर भरायचा तो कोणी झारला, कोणी बर्लिनला, तर कोणी व्हिएन्नाला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा या वाटणीचा अर्थ फार क्रूरपणे पुढे आला. रशियाच्या हद्दीतला पोलिश तरुण रशियन गणवेशात भरती झाला. पोझनानचा तरुण जर्मन गणवेशात गेला, क्राकूवचा ऑस्ट्रियाच्या गणवेशात. आणि ते एकमेकांवरच गोळ्या झाडू लागले. समोरच्या खंदकातून आपल्याच भाषेतले कण्हणे ऐकू येते, ही स्थिती कशी असेल, याची कल्पना करा. लाखो पोलिश सैनिक अशा परक्या सैन्यांतून लढले.

१९१८ साली चमत्कार वाटावा असे घडले. तिन्ही साम्राज्ये दोन वर्षांच्या आत कोसळली होती. १० नोव्हेंबर १९१८ रोजी युसेफ पिल्सुडस्की हे जर्मन कैदेतून सुटून वॉर्सा शहरात आले आणि ११ नोव्हेंबरला सैन्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. तोच पोलंडचा स्वातंत्र्यदिन मानला जातो. राष्ट्र जन्माला आले होते, पण त्याच्या हद्दी ठरल्या नव्हत्या. चहूबाजूंनी तंटे होते आणि हाताशी असलेले शिस्तबद्ध सैन्य काही हजारांचे. १९२० च्या उन्हाळ्याअखेर हेच सैन्य सुमारे नऊ लाखांचे झाले. दोन वर्षांपेक्षा कमी काळात एवढी शस्त्रे आली कुठून?

उत्तर असे की, जिथून मिळाली तिथून आली. क्राकूवची ऑस्ट्रियन छावणी ३१ ऑक्टोबर १९१८ लाच पोलिश लोकांनी ताब्यात घेतली होती. तिथली शस्त्रे आणि चिलखती आगगाड्यांचे डबे त्यांना मिळाले. वॉर्सात तरुण पोरांनी रस्त्यारस्त्यांवर जर्मन सैनिकांच्या बंदुका काढून घेतल्या. घरी जाण्याची घाई झालेल्या त्या सैनिकांनी बहुतेक ठिकाणी त्या मुकाट्याने दिल्या. पोझनानमध्ये २७ डिसेंबर १९१८ रोजी उठाव झाला आणि जानेवारीत शेजारचा लावित्सा विमानतळ डझनावारी जर्मन विमानांसह हाती लागला. पूर्वेकडे रशियन सैन्याने मागे टाकलेला माल होता. आणि १९१९ च्या एप्रिलात फ्रान्समधून जनरल हालर यांचे सैन्य आगगाड्यांनी जर्मनी ओलांडून आले. सुमारे सत्तर हजार माणसे, अंगावर फ्रेंच निळसर गणवेश, म्हणून लोक त्याला 'निळे सैन्य' म्हणत. त्यात जर्मन व ऑस्ट्रियन सैन्यातून युद्धकैदी झालेले पोलिश होते, तसे अमेरिकेत पोटासाठी गेलेले आणि तिथून स्वेच्छेने आलेले वीस हजारांवर कामगारही होते. त्यांच्याकडची शस्त्रे सगळी फ्रेंच. त्यांच्या पाठोपाठ १२० रेनॉ रणगाडे आले. त्या काळात इतके रणगाडे जगात मोजक्याच देशांकडे होते.

ऐकायला हे छान वाटते. सगळीकडून मदत आली, भांडार भरले. पण माझ्या वडिलांच्या नजरेने या भांडाराकडे पाहा. तुम्ही स्टोअरमन आहात असे समजा.

पायदळाची मुख्य बंदूक म्हणजे रायफल. पोलंडकडे प्रामुख्याने चार जातींच्या रायफली होत्या. रशियन मोसिन, जर्मन माउझर, ऑस्ट्रियन मानलिखर आणि फ्रेंच लेबेल. याशिवाय थोड्या इंग्रजी, इटालियन आणि जपानीही होत्या. मोसिनची गोळी ७.६२ मिलिमीटरची. माउझरची ७.९२. मानलिखर आणि लेबेल या दोन्हींची ८ मिलिमीटरची. आता कोणी म्हणेल, निदान या दोन तरी एकमेकींना चालत असतील. नाही. दोन्ही काडतुसांच्या पितळी नळकांड्यांचा आकार निराळा, त्यामुळे एकीचे काडतूस दुसरीत बसत नाही. अंधारात, पावसात, थकलेल्या गाडीवानाला वरिष्ठाने नुसते सांगितले, "आठ मिलिमीटरच्या पेट्या पुढे ने", तर तो कोणत्या पेट्या नेईल? आणि चुकीच्या पेट्या पोहोचल्या, तर त्या पलटणीचे काय होईल? 'बंदूक म्हणजे नुसती काठी' या वाक्याचा अर्थ मला इथे कळला.

अडचण तिथेच संपत नाही. प्रत्येक रायफल भरण्याची रीत वेगळी. माउझर आणि मोसिनमध्ये पाच काडतुसे पट्टीवरून अंगठ्याने आत दाबायची आणि पट्टी टाकून द्यायची. मानलिखरमध्ये पाच काडतुसे धातूच्या पकडीसकट आत घालायची आणि ती पकड रिकामी झाली की खालून गळून पडायची. ती पकडच नसेल, तर खिशात काडतुसे असूनही सैनिकाला ती नीट भरता येत नसत. लेबेलची तऱ्हा तर सर्वांत जुनी. नळीच्या खाली आणखी एक नळी आणि तिच्यात आठ काडतुसे एकामागून एक हाताने सारायची. एका जातीच्या रायफलीवर तयार झालेला सैनिक दुसरी हातात आल्यावर पहिले काही दिवस नवशिकाच ठरणार.

नेमाची गोष्ट याहून मजेची, आणि याहून धोक्याची. रायफलीवर अंतर ठरवण्याची एक खूण-पट्टी असते. जर्मन आणि फ्रेंच रायफलींवर ती मीटरमध्ये. ऑस्ट्रियन रायफलीवर पावलांत, आणि एक पाऊल म्हणजे पाऊण मीटर. रशियन रायफलीवर अर्शिन या जुन्या मापात, सुमारे ७१ सेंटिमीटर. म्हणजे अधिकाऱ्याने ओरडून सांगितले, "अंतर पाचशे!" तर मीटरवाल्याने पाचशेवर काटा लावावा, पावलांवाल्याने साडेसहाशेच्या पुढे आणि अर्शिनवाल्याने सातशेवर. तिघांनीही पाचशेच लावले, तर दोघांच्या गोळ्या शत्रूच्या अलीकडेच मातीत जाणार. तिघेही शूर, तिघेही आज्ञाधारक. तरी दोघांचा नेम चुकला आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही.

तोफखान्यात हाच प्रकार. मैदानी तोफा चार जातींच्या. फ्रेंच तोफेचे तोंड ७५ मिलिमीटरचे, रशियन ७६.२ चे, ऑस्ट्रियन ७६.५ चे, जर्मन ७७ चे. पाहा, चौघींमधला एकूण फरक दोन मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. पण या तोफेचा गोळा त्या तोफेत चालत नाही. रशियन तोफेला पोलिश सैनिकांनी विनोदाने 'ऑर्थोडॉक्स' असे नाव ठेवले होते, कारण रशियन लोक त्या पंथाचे आणि पोलिश बहुसंख्य कॅथलिक.

या सगळ्या मिसळीचे उत्तम उदाहरण म्हणजे १९२० साली तयार झालेली एक छोटी चिलखती गाडी. तादेउश तान्स्की नावाच्या पोलिश अभियंत्याने ती रचली. खालचा सांगाडा व इंजिन अमेरिकन फोर्ड मोटारीचे. वरचे चिलखत जर्मनांनी खंदकात वापरलेल्या लोखंडी ढालींचे. आत मशिनगन जर्मन. अशा सोळा-सतरा गाड्या झाल्या आणि त्या लढाईत उतरल्या. विमानांचेही तेच. कोशिउश्को नावाच्या पथकात वैमानिक अमेरिकन स्वयंसेवक, विमाने ऑस्ट्रियात बांधलेली आणि पंखांवर पोलंडचा लाल-पांढरा चौकोन. त्यातला एक वैमानिक, मेरियन कूपर, पुढे हॉलिवूडमध्ये गेला आणि १९३३ साली त्याने 'किंग काँग' हा चित्रपट काढला.

शस्त्रे सोडा, माणसांचे काय? पोझनानच्या सैन्याकडे जर्मन शस्त्रे, पण त्याचे सेनापती दोव्बोर-मुश्नित्स्की हे पूर्वी झारच्या सैन्यात जनरल. हालर यांचे सैन्य फ्रेंच शस्त्रांचे, पण हालर स्वतः जुने ऑस्ट्रियन अधिकारी. १९२० च्या जुलैत मुख्य सेनाधिकारी झालेले रोझ्वादोव्स्की ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले. पिल्सुडस्की तर कोणत्याच सैनिकी शाळेत शिकलेले नव्हते, ते मूळचे क्रांतिकारक. फ्रेंच लष्करी शिष्टमंडळ शिकवायला आले होते. त्यात चार्ल्स द गॉल नावाचा एक तरुण अधिकारी होता, जो पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. अधिकाऱ्यांपैकी कोणाला जर्मन हुकूम पाठ, कोणाला रशियन, कोणाला फ्रेंच. जो तो आपण शिकलो तीच पद्धत खरी मानणार. माझ्या शाखेतल्या दोन टेबलांचे भांडण मला इथे आठवले.

यावर त्यांनी तात्पुरता उपाय शोधला तो साधा होता. शक्यतो एका डिव्हिजनला एकाच जातीची शस्त्रे द्यायची. पोझनानच्या लोकांकडे जर्मन राहू द्या, हालरच्या लोकांकडे फ्रेंच राहू द्या. म्हणजे निदान त्या तुकडीपुरता गोंधळ टळेल. उपाय शहाणपणाचा होता, पण युद्ध लांबले की तो अपुरा पडतो. माणसे मरतात, नवी भरती येते, शत्रूची शस्त्रे हाती लागतात आणि मिसळ पुन्हा होते.

या सैन्याची खरी परीक्षा १९२० साली झाली. मे महिन्यात पोलिश सैन्य कीव्हपर्यंत गेले आणि नंतर रशियाच्या लाल सेनेने त्याला रेटत रेटत वॉर्साच्या वेशीपर्यंत आणले. मागे येताना शस्त्रे, गाड्या, बूट सगळे वाटेत गळाले. पिल्सुडस्कींनी पुढे १९२० सालावर पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात की प्रतिहल्ल्याच्या आधी एकविसाव्या डिव्हिजनचे जवळजवळ निम्मे सैनिक त्यांच्यासमोरून अनवाणी चालत गेले.

आणि नेमक्या या वेळी बाहेरून येणारा दारूगोळा अडला. पोलंडला स्वतःचे बंदर नव्हते. माल यायचा तो डान्झिग बंदरातून आणि तिथल्या गोदी कामगारांनी पोलंडकडे जाणारा दारूगोळा उतरवण्यास नकार दिला. लंडनच्या गोदी कामगारांनी तर मे महिन्यातच 'जॉली जॉर्ज' या जहाजावर असा माल चढवण्याचे नाकारले होते. त्या कामगारांना वाटे की कामगारांच्या राज्याविरुद्धचे हे युद्ध आहे. त्यांची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनीही आपल्या रेल्वेमार्गाने माल जाऊ दिला नाही. ज्या सैन्याचे स्वतःचे काडतुसांचे कारखाने नाहीत, ते किती परावलंबी असते हे इथे दिसते. कोणी दूरच्या धक्क्यावर हात बांधून उभा राहिला, तर इथे खंदकातल्या सैनिकाची बंदूक मुकी होते.

अशा वेळी हंगेरी मदतीला आली. बुडापेस्टजवळच्या चेपेल येथील कारखान्यातून माउझर काडतुसे निघाली. सरळ वाट बंद म्हणून ती रुमानियामार्गे वळसा घालून आली आणि १२ ऑगस्ट १९२० रोजी वॉर्साजवळच्या स्क्येर्न्येवित्से स्थानकात पोहोचली. दोन कोटींहून अधिक काडतुसे होती. दुसऱ्याच दिवशी वॉर्साची लढाई पेटली. १६ ऑगस्टला पिल्सुडस्कींनी दक्षिणेकडून व्येप्श नदीकाठावरून प्रतिहल्ला केला आणि लाल सेनेची फळी कोसळली. सुमारे ६६ हजार कैदी, दोनशेहून अधिक तोफा आणि हजारावर मशिनगन पोलंडच्या हाती लागल्या. १८ मार्च १९२१ रोजी रिगा येथे तह झाला. या विजयाचे श्रेय सेनापतींना देतात, शत्रूच्या चुकांना देतात, गुप्त संदेश फोडणाऱ्यांनाही देतात. ते सर्व खरे आहे. पण मला त्या गाडीचे डबे मोजणारा, पेटीवरचे आकडे वाचून ती योग्य डिव्हिजनकडे रवाना करणारा, नाव नसलेला कारकून दिसतो.

मित्रहो, इथे थांबून टाळ्या वाजवल्या असत्या तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहास वाचताना अर्धा वाचू नये. ज्या १६ ऑगस्टला प्रतिहल्ला सुरू झाला, त्याच दिवशी युद्धमंत्रालयाने एक आदेश काढला. त्यानुसार हजारो ज्यू सैनिक, स्वयंसेवक आणि अधिकारी तुकड्यांतून वेगळे काढून वॉर्साजवळच्या याब्वोन्ना येथील छावणीत अडकवले गेले. त्यांच्यात स्वतःहून, शिक्षण सोडून देशासाठी भरती झालेले विद्यार्थी होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते ज्यू होते, आणि ज्यू माणूस शत्रूला मिळेल असा संशय सरकारी मनात होता. विरोध झाला, टीका झाली आणि सप्टेंबरात छावणी बंद झाली. पण अपमान पुसला गेला नाही. त्याआधीही, १९१९ च्या एप्रिलात पिन्स्क गावी पोलिश अधिकाऱ्याच्या हुकुमाने ३५ ज्यू नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या आणि हालरच्या काही सैनिकांनी रस्त्यावर ज्यू वृद्धांच्या दाढ्या कापून त्यांची विटंबना केली होती.

मी हे मुद्दाम सांगतो. त्या सैन्याने रशियन रायफल स्वीकारली, जर्मन स्वीकारली, ज्यांनी १२३ वर्षे गुलामीत ठेवले त्यांचीच ऑस्ट्रियन तोफ स्वीकारली. लोखंडाची जात कोणी विचारली नाही. पण आपल्याच देशात जन्मलेल्या, आपल्याच सैन्यात शपथ घेतलेल्या माणसाला मात्र दूर उभे केले. काडतूस बसत नव्हते तिथे अडचण खरी होती, तिथे अभियंते बसून काम करू शकत होते. इथे अडचण मनातली होती आणि तिच्यावर कारखान्यात इलाज नव्हता. आपल्या सभागृहात हे अधिक फोडून सांगण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

युद्ध संपल्यावर पोलंडने शस्त्रांची एकवाक्यता कशी केली, ते विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे, कारण त्यात कंटाळवाणे पण खरे काम आहे. प्रथम त्यांनी ठरवले की यापुढे रायफलीचे काडतूस एकच, ७.९२ मिलिमीटरचे जर्मन माउझरचे. तहाप्रमाणे डान्झिगच्या जुन्या जर्मन रायफल कारखान्याची यंत्रे पोलंडला मिळाली. ती वॉर्साला आणली. पुढे रादोम या गावी नवा कारखाना उभा राहिला आणि १९२७ पासून तिथे स्वदेशी रायफली होऊ लागल्या. शिल्लक राहिलेल्या रशियन मोसिन त्यांनी फेकल्या नाहीत. नळी आखूड केली, नवे काडतूस बसेल अशी केली आणि माउझरची संगीन लावण्याची सोय केली. रशियन तोफांच्या नळ्यांचा व्यास बदलून ७५ मिलिमीटर केला, म्हणजे फ्रेंच गोळा दोन्हींना चालू लागला. ज्या डान्झिगने अडवले होते, त्यावर कायम विसंबून राहायचे नाही म्हणून गिदिनिया या कोळ्यांच्या गावी स्वतःचे बंदर बांधले. या सगळ्याला दहा-पंधरा वर्षे लागली.

माझ्या धंद्याची म्हणून एक गोष्ट सांगतो. या देशात त्या वेळी पैसेही मिसळीचे होते. जर्मन मार्क, पोलिश मार्क, ऑस्ट्रियन क्रोन, रशियन रुबल, सगळे एकाच बाजारात. ते गोळा करून एकच पोलिश मार्क ठेवला, तर युद्धाच्या खर्चाने महागाई इतकी भडकली की १९२४ साली नवे चलन 'झ्लॉटी' आले तेव्हा एका झ्लॉटीला अठरा लाख मार्क मोजावे लागले. म्हणजे सैन्य उभे राहिले, पण त्याची किंमत भाजी-भाकरी घेणाऱ्या माणसाच्या खिशातून वसूल झाली. शस्त्रांच्या गोष्टीत हा हिशोब सहसा सांगत नाहीत.

आपल्या देशाशी तुलना केली तर गंमत दिसते. पोलंडला तीन सैन्यांतून एक करायचे होते. आपल्याकडे १९४७ साली एका सैन्याची दोन करायची होती. आपल्या सैन्याची रायफल एकच होती, .३०३ ची ली-एनफिल्ड, काडतूस एक, कवायत एक. फाळणी झाली तेव्हा देशातले सर्व सोळा दारूगोळा व शस्त्र कारखाने भारताच्या बाजूला राहिले. त्यात १८६९ साली निघालेला आपल्या खडकीचा कारखानाही होता. काश्मीरमध्ये दोन्ही बाजूंनी एकाच जातीच्या बंदुकीतून एकाच जातीच्या गोळ्या सुटल्या. तेव्हा शस्त्र एक असले म्हणजे माणसे एक होतात असे नाही, हे आपणही अनुभवले आहे.

शेवटी पोलंडचा आणि आपल्या महाराष्ट्राचा एक धागा सांगतो. १९२० च्या युद्धात लढलेल्या अनेक सैनिकांना पोलंड सरकारने देशाच्या पूर्व भागात जमिनी दिल्या. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनी आणि रशियाने दोन्हीकडून पोलंड गिळला. एव्हाना रायफल एक झाली होती, काडतूस एक झाले होते, पण दोन बलाढ्य शेजाऱ्यांपुढे ते पुरले नाही. १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन थंडीत, त्या जमीनधारक सैनिकांची कुटुंबे सर्वांत आधी उचलून मालगाड्यांतून सैबेरियाकडे आणि रशियाच्या उत्तर भागात नेण्यात आली. त्यातून जी जगली त्यांपैकी काही बायका-मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. मी कोल्हापूरच्या शाखेत असताना तिथे जाऊन आलो. बाजार गजबजलेला होता. ज्या मुलांचे बाप फ्रेंच नाहीतर रशियन बंदूक खांद्यावर टाकून, कदाचित अनवाणी, वॉर्सासाठी लढले असतील, ती मुले या मातीत शाळेत गेली, या उन्हात खेळली. परमुलखातील अनोळखी मुलांना आपल्या माणसांनी पाणी दिले, जागा दिली. कोणाची रायफल कुठली होती हे त्यांनी विचारले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण सैन्यात जातील, काही कारखान्यात, काही माझ्यासारखे टेबलावर बसतील. जिथे जाल तिथे तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसे आणि वेगवेगळ्या रीती सापडतील. काम सुरू करण्यासाठी सगळे एकसारखे होण्याची वाट पाहू नका. पोलंडने पाहिली नाही. हाती आहे ते घ्या, पण पेटीवरचे वाचून घ्या. मग चिकाटीने एक एक गोष्ट जुळवत जा. आणि हे करताना कोणाला याब्वोन्नाच्या छावणीसारखे बाजूला उभे करत नाही ना, एवढे पाहा.

भाषण तयार करून मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांना ऐकू कमी येते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "त्या हंगेरीच्या पेट्यांवर शिक्के बरोबर होते ना?" मी म्हटले, "हो, अण्णा." ते म्हणाले, "मग झालं."